बंदुकीविरुद्ध भिंत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भिंती रंगवतो. शाळांच्या, सोसायट्यांच्या, कधी पुलाखालच्या. अधूनमधून कॉलेजच्या पोरांच्या कार्यशाळाही घेतो. या कार्यशाळांमध्ये बंदुकीचा विषय हमखास निघतो, आणि तो काढणारा बहुतेक वेळा मीच असतो. न्यू जर्सीत राहणारी माझी भाची तिसरीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला आली होती. लपाछपी खेळताना पलंगामागे दडून ती आपल्या मामेभावाला दटावत होती, "गप्प बस. बोलायचं नसतं. टीचर लाइट बंद करते, दाराच्या काचेला काळा कागद लावते आणि सगळ्यांनी कोपऱ्यात बसायचं." शाळेत बंदूक घेऊन कुणी शिरलं तर काय करायचं, त्याची ती कवायत होती. मग तिनं मला विचारलं, "मामा, तुमच्या शाळेत कुठला कोपरा होता?" आमच्या शाळेतही कोपरा होता. तो अंगठे धरून उभं राहायचा.

त्यानंतर मी अमेरिका, ब्राझील, मेक्सिको, कोलंबिया इथल्या बंदुकीविरुद्ध रंगवलेल्या भिंती शोधून शोधून बघायला लागलो. कार्यशाळेत, चहाच्या टपरीवर, व्हॉट्सअ‍ॅपवर तेच ते प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून टाकतो आहे. उत्तरं माझी आहेत, तेव्हा त्यातली मतंही माझीच.

स्ट्रीट आर्ट म्हणजे भिंतीवरचं चित्रच ना?

तेवढंच नाही. स्टेन्सिलनं मारलेला छापा, खळीनं चिकटवलेला कागद, चौकातलं शिल्प, गल्लीच्या नावाची पाटी, पथनाट्य, सगळं यात येतं. माझी कसोटी सोपी आहे. बघणारा ते बघायला म्हणून घराबाहेर पडलेला नसावा. तो दूध आणायला निघालेला असतो आणि चित्र त्याच्या वाटेत येतं. गॅलरीत येणारा माणूस बहुधा आधीच आपल्या बाजूचा असतो, दूध आणायला निघालेल्याचं तसं नसतं.

गोळीबारात गेलेल्या माणसांची चित्रं भिंतीवर काढायची पद्धत कुठून आली?

एकाच गावाला मान देता येणार नाही, पण न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९९० साली त्या एका शहरात २,२०० हून जास्त खून झाले. त्या काळात घरचे लोक हातात पासपोर्ट फोटो घेऊन ग्राफिटी करणाऱ्या पोरांकडे यायचे. 'टॅट्स क्रू' ही तिथली मंडळी, बायो, बीजी१८३ आणि नायसर ही त्यांची टोपणनावं. आधी रेल्वेचे डबे रंगवणारे हे हात आता मेलेल्या शेजाऱ्यांचे चेहरे काढू लागले. भिंतीवर चेहरा, आवडते बूट, कधी गाडी. खाली फुटपाथवर मेणबत्त्या.

त्या भिंतींवर निषेधाची घोषणा बहुधा नसायचीच. नाव, जन्माचं साल, मृत्यूचं साल. वजाबाकी वाचणारा मनातल्या मनात करायचा, आणि उत्तर सतरा नाहीतर एकोणीस यायचं. निषेध त्या वजाबाकीत होता. पुढे याच मंडळींना मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहिराती मिळाल्या, म्हणून काहींनी नाकं मुरडली. मला त्यात वावगं वाटत नाही. स्मृतिचित्रांवर कुणाचं पोट भरत नाही.

चित्रात बंदूक दाखवावी का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर ऐकून पोरं हिरमुसतात. शक्यतो नको.

कारण मी ते करून बसलोय. एका कॉलेजच्या कंपाउंडवर मी आठ फुटी रिव्हॉल्व्हर काढलं होतं, नळीतून झेंडूचं फूल बाहेर येतंय असं. मेहनत घेऊन काढलं होतं, लोखंडाची चमक वगैरे. आठवड्याभरात तिथं सेल्फीचा अड्डा झाला. पोरं रिव्हॉल्व्हरखाली हाताची घडी घालून, हनुवटी वर करून उभी. फोटोत फूल कुठेच नाही, कापलेलं. चूक त्यांची नव्हती. मी लोखंड इतकं देखणं रंगवलं होतं की फुलाकडे कोण बघणार? सिनेमाच्या पोस्टरांनी गेली पन्नास वर्षं आपल्या डोळ्यांना जे शिकवलंय, ते एका झेंडूनं पुसलं जात नाही.

अपवाद आहेत. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाबाहेर नळीला गाठ मारलेलं ब्राँझचं रिव्हॉल्व्हर आहे. स्वीडनचा शिल्पकार कार्ल फ्रेड्रिक रॉयटर्सव्हार्ड यानं ते केलं. त्याचा मित्र, गायक जॉन लेनन ८ डिसेंबर १९८० ला न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या घराच्या दारात गोळ्या लागून गेला, त्या धक्क्यातून ते सुचलं. लक्झेंबर्गनं १९८८ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांना भेट दिलं. हे शिल्प चालतं, कारण त्यात बंदूक निकामी आहे. गाठीकडे बघताना पहिला विचार येतो तो "आता ही उडणार नाही" असा. माझ्या रिव्हॉल्व्हरला फूल होतं, पण ते उडू शकत होतं.

दुसरा अपवाद मोझांबिकचा. तिथलं यादवी युद्ध १९९२ ला संपलं तेव्हा गावोगाव जमिनीत पुरलेली हत्यारं उरली. बिशप दिनिश सेंगुलाने यांनी १९९५ मध्ये अदलाबदलीची योजना काढली. बंदूक आणून द्या, शिलाई मशीन घ्या, सायकल घ्या, नांगर घ्या. एका गावानं इतकी हत्यारं जमा केली की त्यांना ट्रॅक्टर मिळाला. तोडलेल्या बंदुकांचे तुकडे मापुतोच्या कलावंतांकडे गेले. त्यातून 'केस्टर' नावानं ओळखल्या जाणाऱ्या क्रिस्टोव्हाओ कान्यावातू यानं २००१ मध्ये आख्खी खुर्ची बनवली, पाठीला रायफलींचे दस्ते आणि हातांना नळ्या. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गंमत अशी की मोझांबिकच्या राष्ट्रध्वजावर आजही एके-४७ आहे. झेंडा बदलण्यापेक्षा खुर्ची करणं सोपं असावं.

हत्यारं वितळवून काही बनवणं ही स्ट्रीट आर्ट झाली का?

रस्त्यावर आलं तर झाली. मेक्सिकोतलं कुलियाकान हे शहर अमली पदार्थांच्या टोळ्यांसाठी बदनाम आहे. पेद्रो रेयेस या कलावंतानं २००८ मध्ये तिथल्या लोकांना आवाहन केलं की घरातली बंदूक द्या आणि घरगुती उपकरणांचं कूपन घ्या. १,५२७ बंदुका जमा झाल्या. त्या रोलरखाली चिरडल्या, भट्टीत वितळवल्या आणि त्या धातूची १,५२७ फावडी केली. प्रत्येक फावड्यानं एक झाड लावायचं. बंदुकीच्या पोलादाची मूठ धरून शाळेतली पोरं खड्डे खणतायत, हे दृश्य कुठल्याही भिंतीपेक्षा जास्त बोलतं असं मला वाटतं. पण त्यासाठी लष्कर, महापालिका, भट्टी अशी सगळी यंत्रणा पाठीशी लागते. आपल्याकडे बादली आणि ब्रश आहे.

बंदूक नको, तर मग काढायचं काय?

माणूस काढा. माणूसही नुसता चेहऱ्यानं नको, त्याच्या एखाद्या खोडीनं.

टेक्सासमधलं युव्हाल्डी हे लहानसं गाव. २४ मे २०२२ ला तिथल्या प्राथमिक शाळेत एका अठरा वर्षांच्या मुलानं १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या. गावातले चित्रकार आणि कलाशिक्षक आबेल ऑर्टिझ-अकोस्टा यांनी ठरवलं की एकवीस जणांची एकवीस मोठी चित्रं गावाच्या मधोमध असलेल्या भिंतींवर काढायची. टेक्सासभरातून चित्रकार आले. पद्धत मला फार आवडली. प्रत्येक चित्रकाराच्या वाट्याला एक कुटुंब. आधी त्यांच्या घरी बसायचं, ऐकायचं, मग ब्रश हातात घ्यायचा. त्यामुळे एकवीस चित्रं एका साच्यातली झाली नाहीत. कुणाला काय आवडायचं, मोठं होऊन काय व्हायचं होतं, ते भिंतीवर आलं.

त्या मुलांपैकी एकीचे हिरवे कॅनव्हासचे बूट होते. उजव्या बुटाच्या टोकावर तिनं स्वतःच्या हातानं एक बदाम काढला होता. गोळ्यांनी चेहरा ओळखू येणार नाही इतका गेला होता, तेव्हा ओळख पटली ती या बुटांवरून. युव्हाल्डीतच जन्मलेले अभिनेते मॅथ्यू मॅकॉनही यांनी जून २०२२ मध्ये व्हाइट हाउसमधून ही हकिगत सांगितली, तेव्हा त्या बुटांचा जोड तिथं सगळ्यांसमोर होता. पेनानं काढलेला एक वेडावाकडा बदाम. आठ फुटी रिव्हॉल्व्हरमध्ये जे नव्हतं ते त्या बदामात आहे.

मी स्वतः एका वस्तीत असं एकच चित्र केलंय. दोन टोळक्यांच्या भांडणात भलत्याच पोराला गोळी लागली होती. त्याच्या आईकडे तीनदा गेलो. पहिल्या दोन वेळा तो किती गुणी होता तेवढंच कळलं, आणि गुणी मुलाचं चित्र काढता येत नाही, सगळी गुणी मुलं सारखीच दिसतात. तिसऱ्यांदा निघता निघता दारात त्या (मी त्यांना मावशी म्हणतो) म्हणाल्या, "त्याच्या सायकलची घंटी मोडलेली होती, दादा. दुरुस्त करायला दिलेले पैसे खाऊन यायचा आणि तोंडानंच ट्रिंग ट्रिंग करत फिरायचा." चित्र तिथं मिळालं. निळ्या भिंतीवर एक सायकल, घंटी नसलेली. चेहरा नाही. वस्तीतली लहान मुलं अजून त्या भिंतीवरून जाताना तोंडानं घंटी वाजवतात.

घरच्यांनी नको म्हटलं तर?

नाही काढायचं. विषय संपला. "समाजाच्या भल्यासाठी" हे शब्द अशा वेळी तोंडातून काढू नका. आणि आज हो म्हटलेल्यांनी वर्षभरानं पुसा म्हटलं, तर स्वतः जाऊन पुसा.

घरचाच माणूस चित्र काढत असेल तर?

मग आपण शिडी धरायची.

फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ ला सतरा जण मारले गेले. त्यातला एक सतरा वर्षांचा वॉकीन ऑलिव्हर. त्या दिवशी सकाळी तो मैत्रिणीसाठी सूर्यफुलं घेऊन गेला होता. त्याचे वडील मॅन्युएल ऑलिव्हर चित्रकार आहेत. काही महिन्यांतच त्यांनी लोकांसमोर चित्रं काढायला सुरुवात केली. मोठ्या फलकावर मुलाची आकृती रंगवायची, आणि मग हातोडा घेऊन त्याच चित्राला सतरा भोकं पाडायची, एकेक घाव मोजून. भोकांत सूर्यफुलं खोचायची. गर्दी शांत होते म्हणतात. बापानं स्वतःच्या हातानं काढलेल्या लेकाच्या चित्रावर हातोडा पडताना कोण काय बोलणार?

ते आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया मिळून 'चेंज द रेफ' ही संस्था चालवतात. जुलै २०२२ मध्ये त्यांनी टेक्सासच्या रस्त्यावर पिवळ्या स्कूल बसगाड्यांची रांग काढली. बावन्न गाड्या, एकही मूल नाही. रिकाम्या सीटा ४,३६८, म्हणजे २०२० पासून बंदुकीनं गेलेल्या मुलांइतक्या. शाळेची बस रिकामी असू शकते हे आपण रोज बघतो. बावन्न एकामागोमाग रिकाम्या गेल्या की पोटात खड्डा पडतो.

आम्ही त्या वस्तीतले नाही. बाहेरून जाऊन काढलं तर चालेल?

चालतं, पण अवघड असतं. रिओ द जानेरोच्या मोहो दा प्रोव्हिदेन्सिया या टेकडीवरच्या वस्तीत जून २००८ मध्ये एक भयंकर प्रकार झाला. तिथं तैनात असलेल्या लष्करातल्या काही जवानांनी वस्तीतले तीन तरुण पकडून दुसऱ्या टेकडीवरच्या विरोधी टोळीच्या हवाली केले. तिघांचे मृतदेहच परत मिळाले. थोड्याच दिवसांत जेआर हा फ्रेंच कलावंत तिथं पोचला. कुणी बोलावलं नव्हतं. त्यानं वस्तीतल्या बायकांशी बोलून त्यांचे फोटो काढले आणि ते प्रचंड मोठे करून टेकडीवरच्या घरांना चिकटवले, खालच्या शहराकडे तोंड करून. डोळेच्या डोळे, एका घरावर एक भुवई, शेजारच्या घरावर नाक. ज्या शहरानं त्या टेकडीकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं, त्याच्याकडे आता टेकडी बघत होती.

परका होता तरी जमलं, कारण त्यानं बायकांना काय वाटतं ते आधी विचारलं आणि घोषणा लिहिल्या नाहीत. आणखी एक कारण आहे. तो तिथून तसाच निघून गेला नाही. मौरिसिओ ओरा हा वस्तीतलाच फोटोग्राफर सोबत घेऊन त्यानं तिथं मुलांसाठी 'कासा अमारेला' म्हणजे पिवळं घर हे केंद्र उभं केलं. तुम्ही रविवारी जाऊन भिंत रंगवणार आणि सोमवारी फोटो टाकणार असाल, तर ती वस्ती तुम्हाला रविवारीच ओळखते.

भिंतीवर आकडे लिहावेत का?

आकडा भिंतीवर मरतो. उद्या तो जुना होतो, परवा चुकीचा ठरतो. दाखवायचाच असेल तर मोजता येईल असा दाखवा. हँक विलिस थॉमस या अमेरिकन कलावंतानं २०१८ या एका वर्षात तिथं गोळीबारात मारल्या गेलेल्यांसाठी लांबलचक निळ्या झेंड्यांवर पांढरे तारे लावले. तारे १४,७१९. कुणी मोजत नाही, पण मोजता आले असते हे कळतं.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती कुठल्याच भिंतीवर दिसत नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीनं ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या निम्म्याहून जास्त, २६ हजारांच्या वर, आत्महत्या होत्या. शाळेतल्या गोळीबारावर चित्र होतं, टोळीयुद्धावर होतं, पोलिसांच्या गोळीवर होतं. रात्री एकट्यानं कपाटातलं पिस्तूल काढणाऱ्या पन्नाशीतल्या माणसावर होत नाही. तिथं राग कुणावर धरायचा ते कळत नाही, म्हणून असेल. कार्यशाळेत कुणी हा विषय घेतला तर मी त्याला जास्त वेळ देतो. फक्त एक पथ्य पाळायचं. आत्महत्येची पद्धत, जागा, हत्यार यातलं काहीही चित्रात येऊ द्यायचं नाही. ज्याच्या मनात आधीच तसा विचार घोळतोय, तोही त्याच रस्त्यानं जात असतो.

परवानगी लागते का? पकडतात का?

लागते, आणि पकडतातही. महाराष्ट्रात मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा १९९५ चा कायदा आहे. विनापरवाना लिहिणं, रंगवणं, पोस्टर चिकटवणं हा त्यात गुन्हा असून तुरुंगवास किंवा दंड होऊ शकतो. फ्लेक्सवाल्यांना हे कुणी सांगत नाही ते सोडा. भिंत खाजगी असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या, पालिकेची किंवा रेल्वेची असेल तर त्यांची. तोंडी "करा हो, काय नाही होत" याला काडीची किंमत नाही. कागदावर चित्राचं रेखाटन जोडा आणि त्यावरच सही घ्या, म्हणजे "आम्हाला वाटलं फुलं काढणार" हा वाद नंतर होत नाही.

परवानगीशिवाय चित्र काढणाऱ्यावर काय बेतू शकतं याची सगळ्यात वाईट गोष्ट कोलंबियातल्या बोगोटा शहरातली. ऑगस्ट २०११ मध्ये दिएगो फेलिपे बेसेरा हा सोळा वर्षांचा मुलगा एका पुलाखाली आपलं नेहमीचं मांजर रंगवत होता. पोलिसाची गोळी पाठीत लागून तो गेला. मग त्याच्याजवळ पिस्तूल होतं असं दाखवण्याचा बनाव झाला. आईवडील वर्षानुवर्षं लढले आणि बनाव उघडा पडला. भिंतीवर बंदुकीविरुद्ध त्यानं काहीच लिहिलं नव्हतं, तो मांजर काढत होता. त्याच्या मृत्यूनंतर बोगोटानं २०१३ मध्ये ग्राफिटीबद्दल वेगळा हुकूम काढला, कुठं रंगवता येईल आणि कुठं नाही ते ठरवलं. आज पर्यटक त्या शहरात भिंती बघायला जातात.

काढलेलं चित्र कुणी पुसलं तर?

पुसतातच. सवय करून घ्या, पण फोटो आधी काढून ठेवा.

काबूलमध्ये 'आर्टलॉर्ड्स' नावाचा गट २०१४ पासून स्फोटांपासून बचावासाठी उभारलेल्या काँक्रीटच्या उंच भिंती रंगवत होता. वर्षानुवर्षं अफगाणिस्तानात काम केलेले जपानी डॉक्टर तेत्सू नाकामुरा यांना डिसेंबर २०१९ मध्ये जलालाबादला गोळ्या घालून मारलं. माणूस डॉक्टर, पण कोरड्या जमिनीला पाणी मिळावं म्हणून कालवे खणणारा. गटानं काबूलमध्ये त्यांचं चित्र काढलं. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान आले आणि काही आठवड्यांतच त्या चेहऱ्यावर पांढरा रंग फिरला, वर स्वातंत्र्याच्या अभिनंदनाची घोषणा. त्यांनी तसंच ठेवलं असतं तर चार लोकांना आठवलं असतं. पुसल्याची बातमी जपानपर्यंत गेली.

रिओत तर उलटंच झालं. नगरसेविका मारिएली फ्रांकू यांना १४ मार्च २०१८ ला गाडीत गोळ्या घातल्या, चालक अँडरसन गोमेस हेही गेले. लोकांनी नगर परिषदेजवळ त्यांच्या नावाची गल्लीची पाटी लावली, हुबेहूब सरकारी पाटीसारखी. निवडणुकीच्या धामधुमीत दोन उमेदवारांनी ती तोडली आणि तुकडे हातात घेऊन मिरवले. त्यावर लोकांनी वर्गणी काढून तशाच हजार पाट्या छापून वाटल्या. आता ती गल्ली जगभर आहे. पाटी हे माध्यम मला म्हणूनच फार हुशारीचं वाटतं. एक तोडा, छापखाना सुरूच.

आणि चित्रकाराला कायद्याचा आधार अगदीच नसतो असं नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली 'फाइव्ह पॉइंट्झ' ही चित्रांनी भरलेली इमारत मालकानं २०१३ मध्ये एका रात्रीत पांढरी करून टाकली, तेव्हा न्यायालयानं २०१८ मध्ये चित्रकारांना ६७.५ लाख डॉलर द्यायला लावले. ती चित्रं मालकाच्या संमतीनं काढलेली होती हे विसरू नका. वरचा परवानगीचा कागद जपून ठेवा तो यासाठीही.

शिडी, परांची काही नाही. साध्यात कसं करायचं?

दोन मार्ग आहेत. पहिला फिलाडेल्फियाचा. तिथं १९८४ मध्ये ग्राफिटी थांबवण्यासाठी पालिकेनं योजना काढली, आणि ज्यांना थांबवायचं त्यांच्याच हातात ब्रश दिला. आज त्या शहरात चार हजारांच्या आसपास भित्तिचित्रं झाली आहेत. ते लोक पॅराशूट क्लॉथ म्हणतात अशा पातळ, न विणलेल्या कापडावर चित्र तुकड्यातुकड्यांनी घरात बसून रंगवतात आणि मग चिकट लेपानं भिंतीला चिकटवतात. यामुळे ग्रेटरफोर्ड तुरुंगातल्या कैद्यांना भिंतीचा भाग रंगवता आला. तो तुकडा बाहेर गेला, कैदी नाही. त्याच चित्रमालेत गुन्ह्यात माणूस गमावलेल्या घरांचीही बाजू रंगवली गेली. दोन्हीकडचे लोक एका टेबलाशी बसले, आणि ऐकतो त्याप्रमाणे सुरुवातीला त्यांचं अजिबात जमलं नाही. ते साहजिक आहे.

दुसरा मार्ग आपल्या खळीचा. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न राहू देता कालवा, चार वाट्या उकळत्या पाण्यात ओता आणि पारदर्शक होईपर्यंत हलवत राहा. बुकबाइंडर टाकतात तसा चिमूटभर मोरचूद टाका, म्हणजे झुरळं आणि किडे खात नाहीत. पण मोरचूद विषारी असतो, भांडं पुन्हा स्वयंपाकात नको. कागद पातळ घ्या, जाड कागदाच्या कडा सुटतात. भिंतीला एक हात, कागदावरून एक हात. हवेचा फुगा राहिला तर मधून बाहेर हातानं सारत न्यायचा. चपाती लाटताना करतो तसंच. जून ते सप्टेंबर हा खटाटोप करू नका, आणि ओल असलेली भिंत कधीच घेऊ नका. आधी प्रायमर मारला तरी वर्षात पोपडे निघतात.

पण यानं गोळीबार कमी होतात का?

चित्रानं गोळी थांबली असं मी कुणाला सांगत नाही. फिलाडेल्फियातच एक पक्का अभ्यास झाला आहे, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला. संशोधकांनी शहरातल्या ५४१ पडीक जागा चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात तशा गटांत वाटल्या. काही तशाच ठेवल्या, काहींवरचा कचरा काढून गवत आणि थोडी झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं. गरीब वस्त्यांत अशा जागांभोवतीचा बंदुकीचा हिंसाचार २९ टक्क्यांनी घटला. हे श्रेय गवताचं आहे, रंगाचं नाही, आणि चित्रकारांनी ते ढापू नये. म्हणून मी आता भिंत घेतली की आधी पायथ्याची जागा साफ करून घेतो. बाकी आपलं काम वेगळं. गेलेल्याचं नाव पेपरातल्या बातमीपेक्षा जास्त दिवस तिथं राहतं, आणि रोज तिथून जाणाऱ्या नगरसेवकाला मान वळवावी लागते.

आपल्याकडे कुठे एवढ्या बंदुका? महाराष्ट्राचा काय संबंध?

डॉ. नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी गोळ्या घातल्या. कॉम्रेड गोविंद पानसरेंवर कोल्हापुरात १६ फेब्रुवारी २०१५ ला गोळ्या झाडल्या, ते २० तारखेला गेले. एम. एम. कलबुर्गी आणि गौरी लंकेश कर्नाटकात. दाभोलकर खटल्याचा निकाल मे २०२४ मध्ये लागला, दोघांना जन्मठेप आणि तिघांची सुटका. मधल्या अकरा वर्षांत काय झालं? दर महिन्याच्या वीस तारखेला कार्यकर्ते त्याच पुलावर जमत राहिले. 'आम्ही सारे दाभोलकर' लिहिलेले फलक, 'जवाब दो'च्या घोषणा, अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) पोरापोरींनी चौकाचौकात केलेली रिंगणनाट्यं. ही आपली स्ट्रीट आर्ट, आणि मी वर सांगितलेल्या कसोटीला ती पुरेपूर उतरते. मॉर्निंग वॉकला निघालेल्याच्या ती वाटेत येत होती.

उरलं गावठी कट्ट्याचं. 'गावठी कट्ट्यासह एकास अटक' ही चौकट सापडत नाही असा आठवडा जात नाही. आणि आपली सगळ्यात मोठी रस्त्यावरची कला कुठली, तर वाढदिवसाचा फ्लेक्स. त्यावर 'भाई' गॉगल घालून उभा, खाली चाळीस पासपोर्ट फोटो. बंदूक हातात नसली तरी उभं राहण्याची तऱ्हा बंदूकवाल्याचीच असते. माझ्या त्या रिव्हॉल्व्हरखाली पोरं अगदी तशीच उभी राहत होती.

चित्र झालं, फोटो झाले. पुढे?

पुढे ऊन, पाऊस, पानाच्या पिचकाऱ्या. उरलेला रंग फेकू नका. डब्याच्या झाकणावर शेडचा नंबर आणि तारीख मार्करनं लिहा आणि अर्धा लिटर भिंतीच्या जवळ राहणाऱ्या कुणाकडे तरी ठेवा, स्वतःच्या घरी नको, आपण विसरतो. सायकलवाल्या भिंतीचा निळा रंग समोरच्या इस्त्रीवाल्या काकांच्या टेबलाखाली आहे, कोळशाच्या पोत्यामागे. आत्तापर्यंत दोनदा त्यांनीच पिचकाऱ्यांवर हात मारलाय. दुसऱ्या वेळी थोडा रंग सायकलच्या हँडलवर गेला, तर मावशी येऊन म्हणाल्या, असू दे, त्याची सायकल तशीच खरचटलेली होती.